दोन मुठी हरभरे

शनिवारी दुपारी मोस्खा अंगणात बसून भिजलेल्या हरभऱ्यांची सालं काढत होती आणि तिचे पाहुणे समोर बसून वाईनचा वास घेत होते. पीत नव्हते, वास घेत होते. म्हणजे वास नवरा घेत होता. बायकोने आपला पेला केव्हाच रिकामा केला होता आणि ती ऑलिव्हच्या बिया ताटलीच्या कडेने ओळीत मांडत होती.

नवऱ्याचं नाव तिलेमाखोस. थेस्सालोनिकीला चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आता सप्टेंबर आला की बायकोला घेऊन एकेका बेटावर जायचं, तिथलं खायचं, तिथली वाईन चाखायची आणि एका छोट्या वहीत लिहून ठेवायचं, हा त्यांचा नेम. बायको एव्दोक्सिया शिवणकाम करणारी. ती काही लिहीत नसे, पण तिच्या नजरेतून काही सुटतही नसे. मोस्खाच्या दोन खोल्यांपैकी समुद्राकडची खोली त्यांनी दहा दिवसांसाठी भाड्याने घेतली होती आणि तिसऱ्याच दिवशी ते तिच्या स्वयंपाकघरात जेवायला लागले होते.

"किरा मोस्खा," मास्तर म्हणाले. किरा म्हणजे बाई; गावातले तिला तसं म्हणतात, ते ऐकून तेही तसंच म्हणू लागले होते. "ही वाईन कुणी केली?"

"का? आंबलीय का?"

"आंबली कसली! हिच्यात समुद्र आहे."

"मळा समुद्राला लागूनच आहे. वारा सुटला की घड खारट होतात. आम्ही काही धूत बसत नाही."

"ऐकलंस का?" मास्तर बायकोला म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"

"तुम्ही काल पण म्हणाला होतात," एव्दोक्सिया म्हणाली. "काल ती वाईन दुकानातली होती, डोंगरापलीकडची."

मास्तरांनी ते ऐकलंच नाही. "कोण करतो, सांगा तरी."

"सिमोस. खाडीच्या त्या टोकाला फुटक्या मडक्यांचा ढीग दिसतोय ना, ते त्याचं अंगण. कुंभार आहे. ही हंडी त्यानेच केलेली." मोस्खाने पायाजवळच्या तपकिरी हंडीवर हात ठेवला.

"मग चला, आत्ताच जाऊन भेटू."

"आता त्याची आवराआवर चाललीय. बुधवारच्या बोटीने जातोय तो. मेलबर्नला, मुलाकडे. कायमचा."

हे शेवटचं ती खाली मान घालूनच बोलली. आणि सोललेला हरभरा तिने पुन्हा एकदा सोलायला घेतला. ते एव्दोक्सियाने पाहिलं.

खाडीच्या एका टोकाला मोस्खाचं घर, दुसऱ्या टोकाला सिमोसचं, मधे पांदेलीसचा कॅफे. अंदोनिस, म्हणजे मोस्खाचा नवरा, होता तेव्हा दोन्ही घरं मिळून दर रविवारी जेवत. एक रविवार इथे, एक तिथे. अंदोनिस अकरा वर्षांपूर्वी गेला, तरी ते चालू राहिलं, कारण सिमोसची बायको फ्रांजेस्का होती. ती मोस्खाला ओढून न्यायची. चार वर्षांपूर्वी फ्रांजेस्काही गेली आणि मग ते बंद पडलं. विधुर माणसाच्या घरी विधवा बाई एकटी जेवायला जाते, हे पांदेलीसच्या कॅफेत बसलेल्यांना वर्षभर पुरलं असतं. तेव्हापासून सिमोस दर वर्षी नव्या वाईनच्या दोन बाटल्या तिच्या कुंपणावर ठेवून जायचा. ती उन्हाळ्यात केपरच्या झुडपांच्या कळ्या खारवायची आणि एक बरणी त्याच्या कुंपणावर ठेवायची. गावच्या पाव भाजायच्या भट्टीपाशी भेट झाली तर "काय म्हणतेस?" "बरं चाललंय." यापलीकडे चार वर्षांत बोलणं नाही.

आणि आता बुधवार. बातमी कळल्यापासून तीन आठवडे मोस्खा मनाशी वाक्यं जुळवत होती. जाऊ नकोस, असं सरळ म्हणायचं तर कोणत्या हक्काने? आणि तिरकं बोलायचं तर तिला जमत नव्हतं. भांडी घासताना वाक्य जुळायचं, हात पुसेपर्यंत मोडायचं.

तिने हरभरे हंडीत ओतले. पाच माणसांना पुरतील एवढे, कारण मास्तर एकटे तिघांचं जेवत. वरून चिरलेला कांदा, दोन तमालपत्रं, हात सैल सोडून तेल, मीठ, आणि अंगणातल्या टाक्यातलं पावसाचं पाणी.

"एवढंच?" एव्दोक्सियाने विचारलं.

"एवढंच. बाकीचं भट्टी करते."

"नळाचं पाणी नाही चालत?"

"नळाच्या पाण्यात हरभरा रुसतो. रात्रभर शिजवा, दाताखाली दगड."

झाकण ठेवून तिने त्याची कड कणकेने लिंपली. संध्याकाळी पांदेलीस आपली तीनचाकी घेऊन आला आणि खाडीवरच्या सगळ्या हंड्या गोळा करून वरच्या गावातल्या भट्टीवर घेऊन गेला. दर शनिवारी हे असंच. रात्रभर भट्टीच्या मंद धगीत हंड्या राहायच्या आणि रविवारी चर्चमधून परत येताना ज्याने त्याने आपापली हंडी घेऊन खाली उतरायचं.

रविवारी मोस्खाने राखाडी झगा घातला. पाहुणेही बरोबर आले. चर्चमध्ये सिमोस पुरुषांच्या बाजूला खांबाला टेकून उभा होता. इस्त्री नसलेला पण धुतलेला पांढरा सदरा. शेवटची प्रार्थना व्हायच्या आधीच तो निघून गेला. मोस्खाला ते दिसलं. बरोबर निघावं असं वाटलं, पण पाय हलले नाहीत. मग एव्दोक्सियाला चित्रं बघायची होती, मग पाद्रीबाबांनी थेस्सालोनिकीच्या हवेची चौकशी केली. भट्टीपाशी पोचेपर्यंत बाहेरच्या दगडी ओट्यावर चारच हंड्या उरल्या होत्या.

"या, या! मला वाटलं उपास धरलात," भट्टीवाली झाबेता हातातल्या लांब फळीला टेकून म्हणाली. तिच्या भुवया बारमाही जळलेल्या असत. "तुमची ती कोपऱ्यातली."

मोस्खाने वाकून पाहिलं. तपकिरी, पोटाशी फुगीर, सिमोसच्या हातची. चष्मा ती चर्चला नेत नसे.

"सिमोसने त्याची नेली का?"

"केव्हाच. चोराच्या पाठी शिपाई लागल्यासारखा गेला. बोललासुद्धा नाही."

मास्तर पुढे झाले. "मी घेतो."

"पाहुणे ठेवलेत की हमाल?" झाबेता म्हणाली.

मास्तरांनी फडकं गुंडाळून हंडी उचलली आणि छाती पुढे काढून चालू लागले. "अहो, मला वाटलं होतं केवढी जड असेल! काहीच नाही ही."

"बघा हं, पायरी चुकेल," एव्दोक्सिया म्हणाली. "ताकद दाखवायचं वय गेलं."

मोस्खा हसली. मास्तर बायकोपुढे फुशारकी मारतायत, असंच तिला वाटलं.

घरी येऊन अंगणात टेबल मांडलं. पाव, लिंबं, केपरची कोशिंबीर, वाईनच्या गाळात मुरवलेलं चीज, ज्याची साल जांभळी होते आणि वास खोलीभर फिरतो. मास्तरांनी चीजवर एक पान लिहून काढलं. मोस्खाने चष्मा लावला, सुरीच्या पाठीने भाजून टणक झालेली कणीक फोडली आणि झाकण उचललं.

वाफ आली. वाफ विरली. तिघांनी आत पाहिलं.

एवढ्या मोठ्या हंडीच्या तळाशी हरभरे होते दोन मुठी. कडेचे थोडे करपलेले.

मग मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, "मी सांडले नाहीत हो."

"बंद होतं झाकण," एव्दोक्सिया म्हणाली. "सांडाल कुठून?"

मोस्खाने हंडी फिरवून कान पाहिला. तिच्या हंडीच्या कानावर क्रूस कोरलेला होता. या कानावर तीन ठिपके होते. फ्रांजेस्काने ओल्या मातीत स्वतः बोटाने दाबलेले, तीन मुलं होतील या आशेने. झालं एकच, तेही आता ऑस्ट्रेलियात.

"ही सिमोसची आहे," ती म्हणाली. "अदलाबदल झाली."

भट्टीवरून दुसऱ्याची हंडी घरी आणणं म्हणजे लाजेची गोष्ट. अशा चुकीची आठवण गाव वीस वर्षं काढतं. पण मोस्खाला त्या क्षणी लाजबीज आठवली नाही. ती त्या दोन मुठींकडे बघत राहिली. सात जणांची हंडी ही. शुक्रवारी हा माणूस वाटीभर हरभरे भिजत घालतो, शनिवारी ते या विहिरीत टाकतो, कणकेने झाकण लिंपतो आणि पांदेलीसच्या गाडीत चढवतो. चार वर्षं. कितीतरी शनिवारी ही हंडी तिच्या हंडीशेजारी धगीत रात्रभर राहिली आणि आत काय आहे ते तिला कळलं नाही. अर्ध्या तासात चाकावर एक लहानशी हंडी काढता आली असती त्याला. कुंभार ना तो!

तिने एक हरभरा उचलून तोंडात टाकला. मऊ होता. मीठ नेमकं होतं. करपल्याची चव जिभेवर राहिली.

"म्हणजे तुमची त्यांच्याकडे गेली चुकून," मास्तर म्हणाले.

"हो. चुकून."

एव्दोक्सियाने पावाचा तुकडा मोडला. "तुमच्यात तर पाच जणांचे हरभरे होते ना?"

"होते की."

"मग उचलताना वजन कळलं नाही त्यांना?"

"हंड्या दिसायला सारख्याच आहेत, बाई," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला सारख्या. त्यांनी दोन्ही आपल्या हाताने केल्यात. मी शिवलेला झगा माझ्या हातात द्या, डोळे मिटून सांगते कुणाचा ते." आणि मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिने तोंडात घातलेला पाव चावायचा थांबवला आणि मोस्खाकडे पाहिलं.

मोस्खा उभी राहिली होती. तिने झाकण परत ठेवलं, फडकं घेतलं, हंडी उचलली. खरंच काही वजन नव्हतं.

"तुम्ही बसा. चीज खा. मी आलेच."

"मी येऊ का उचलायला?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही बसा म्हटलं ना त्यांनी!" एव्दोक्सिया म्हणाली.

रविवार दुपार, खाडीवर सगळे बाहेर. पांदेलीसच्या कॅफेत पाच-सहा जण वाळूत खुर्च्या रोवून बसले होते. राखाडी झग्यातली, चष्मा लावलेली मोस्खा हंडी पोटाशी धरून पाण्याच्या कडेने येताना दिसली, तसे पत्ते पिसायचे थांबले.

"किरा मोस्खा!" पांदेलीस ओरडला. "भट्टी वरती आहे, वरती! रस्ता चुकलात!"

हशा झाला. मोस्खाचे कान तापले. ती नाकासमोर बघत चालत राहिली. वाळू बुटात जात होती.

सिमोस झाडाखालच्या टेबलाशी बसला होता. समोर तिची हंडी, एक ताटली, एक काटा. झाकणाची कणीक जशीच्या तशी. फोडलेली नव्हती. मोस्खाला पाहून तो उठला आणि वर्गात पकडलेल्या मुलासारखे हात मागे घेऊन उभा राहिला. उंच माणूस, पण आता वाकलेला, बोटांच्या पेरांत कायमची माती.

मोस्खाने हंडी टेबलावर ठेवली. "ही तुझी."

"हो."

"आणि ती माझी."

"हो."

"सिमोस, सत्तर वर्षांचा कुंभार आंधळा झाला, आपली मडकी ओळखू येईनात, असं सांगू का मी गावात?"

"एकाहत्तर," सिमोस म्हणाला.

"मुद्दाम नेलीस."

त्याने समुद्राकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं, एक होडी सोडून. "मुद्दाम नेली."

"का?"

"शेवटचा रविवार. म्हटलं, आज तरी आपलं ते खायला नको. तुझी तिथेच होती. हात लावला, जड लागली. उचलली."

"मग खाल्ली का नाहीस? तासभर झाला."

"कणीक फोडवेना. उचलेपर्यंत जमलं." तो खाली बसला. "मग वाटलं, तू येशील न्यायला. मग वाटलं, कशाला येशील. पांदेलीसच्या समोरून यावं लागतं."

"आले ना."

"ऐकलं मी. ओरडला तो."

मोस्खा समोरच्या बाकावर बसली. तिला त्या दोन मुठींबद्दल काहीतरी बोलायचं होतं, पण रडू फुटलं तर, म्हणून ती रागावली. "लहान हंडी करायला काय झालं होतं तुला? एवढ्या विहिरीत एवढेसे दाणे. करपतात सगळे!"

"केली होती. दोनदा. दोन्ही वेळा फोडून टाकली."

"का?"

"एवढीशी हंडी झाबेताच्या ओट्यावर ठेवायची म्हणजे सगळ्या गावाला सांगणंच झालं." त्याने ओंजळ करून हंडीचा आकार दाखवला. "मोठी ठेवली की कुणी विचारत नाही."

मोस्खाने चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती.

"भट्टीच्या ओट्यावर तुझी जागा थंडीत रिकामी असते," सिमोस म्हणाला. "नोव्हेंबर ते ईस्टर. पाहुणे गेले की तू हंडी लावतच नाहीस."

"एकटीसाठी कोण भिजवतं!"

"मी भिजवतो."

"ते दिसलं मला आता."

"मग काय खातेस रविवारी?"

"खाते काहीतरी. पाव. तेल."

"मोस्खा!"

"तू मला शिकवू नकोस. चोर तो चोर." ती उठली. "उचल. माझे पाहुणे उपाशी आहेत. मास्तरांना तुझ्या वाईनबद्दल बोलायचंय, ते बोलतील, तू ऐक. आणि एक बाटली घे."

"मी यायचं?"

"मग हंडी काय एकटी चालत येणार आहे?"

त्याने भरलेली हंडी घेतली, तिने हलकी. बाटली त्याने काखेत मारली. जाताना दोघं ती जिथून आली तिथूनच निघाले, पाण्याच्या कडेने, कारण दुसरा रस्ता नव्हताच. कॅफेतली माणसं आता वळूनच बसली होती. लपूनछपून बघण्याचेही कष्ट कुणी घेतले नाहीत.

"काय हो," पांदेलीस म्हणाला, "आज हंड्यांची मिरवणूक कोणत्या संताची?"

सिमोस थबकला. मोस्खाचं मन म्हणालं, चल पुढे. पण तिचे पाय त्या दिवशी तिचं ऐकतच नव्हते. ते थांबले.

"कोणत्या संताची नाही, पांदेलीस. सिमोस माझ्याकडे जेवायला येतोय. तुझी परवानगी घ्यायला हवी होती का?"

"नाही, नाही, मी आपलं..."

"परवानगी लागत नसेल तर दोन पाव दे. पाव कमी पडतोय. उद्या परत करते."

पांदेलीस आत गेला आणि पाव घेऊन आला. आता हसत कुणी नव्हतं. एका म्हाताऱ्याने टोपी किंचित उचलली. "सावकाश जेवा," तो म्हणाला.

वीस पावलं पुढे गेल्यावर सिमोस म्हणाला, "तुझे हात थरथरताहेत."

"हंडी जड आहे."



अंगणात मास्तरांनी चीज जवळजवळ संपवलं होतं. सिमोसला पाहून ते ताडकन उठले आणि त्याचा हात हातात घेऊन हलवत राहिले. "तुम्ही! कोणती जात द्राक्षांची? किती दिवस सालीसकट ठेवता? पिंप कशाचं?"

"बसू द्या त्यांना," एव्दोक्सिया म्हणाली.

मोस्खाने आपल्या हंडीची कणीक फोडली. या वेळी वाफेबरोबर कांद्याचा आणि तेलाचा वास टेबलभर पसरला. तिने सगळ्यांना वाढलं, लिंबू पिळलं. सिमोसच्या ताटलीत दोन डाव. मग त्याची हंडी ओढून तिच्यातले दोन मुठी हरभरे, करपलेल्यांसकट, तिने आपल्या ताटलीत घेतले आणि खायला लागली. सिमोसने ते पाहिलं. तोंड उघडलं, मग त्यात हरभरे घातले.

"कसे झालेत?" एव्दोक्सियाने त्याला विचारलं.

तो बराच वेळ चावत राहिला. "मीठ कमी आहे."

"चोराला चव कळते म्हणे," मोस्खा म्हणाली. पण त्याने ताटली पुढे केली आणि तिने तिसरा डाव वाढला.

मास्तरांना एकेक उत्तर मिळत गेलं. पिंप ओकचं, सिमोसच्या आजोबांच्या वेळचं. साल चार दिवस ठेवायची. तुडवायचं पायाने. यंदाची तोडणी दोन आठवड्यांपूर्वीच झाली, पिंप भरून ठेवलंय, अजून आत उकळतंय, कान लावला तर ऐकू येतं.

"आणि उघडणार कधी?"

"तीन नोव्हेंबरला. त्या दिवशी सगळेच उघडतात."

"पण तुम्ही तर बुधवारी..."

"पांदेलीसला सांगून ठेवलंय. तो उघडेल. वाटून टाकेल."

मोस्खाने काटा खाली ठेवला. वाक्यं जुळवायला आता वेळ नव्हता आणि परकी माणसं समोर होती. तिला उलट त्यांचा आधारच वाटला. "पांदेलीस उघडणार नाही," ती म्हणाली.

"मग कोण?"

"कुणीच नाही. मास्तर, पिंप फेब्रुवारीपर्यंत बंद राहिलं तर वाईन बिघडते का?"

"बिघडते? छे! वर हवा राहू दिली नाही तर आणखी..." मास्तर सांगायला लागले. एव्दोक्सियाने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला असावा, कारण ते एकदम थांबले. "नाही बिघडत," ते म्हणाले.

"तिकीट काढलंय, मोस्खा," सिमोस हळू म्हणाला. "मुलाने पाठवलंय. नातू अडीच वर्षांचा झाला. मी त्याला फोनमध्येच पाहिलाय. हात लावलेला नाही अजून."

"मग जा ना. जा, बघ, उचलून घे, मडकी करायला शिकव. जाऊ नकोस असं कोण म्हणतंय?"

"मग तू काय म्हणतेयस?"

"परत ये म्हणतेय." तिचा आवाज चिरकला, पण तिने तो तसाच चालू दिला. "मला तू इथे हवायस. भट्टीपाशी 'बरं चाललंय' म्हणायला नाही. इथे. या टेबलाशी."

मास्तरांचा पेला नाकापाशी होता, तो तिथेच राहिला. एव्दोक्सिया ताटलीतल्या लिंबाच्या सालीकडे बघत होती.

सिमोसने पावाने ताटली पुसली. एकदा पुसली, दोनदा पुसली. "चार वर्षांत हे बोलली नाहीस."

"तू विचारलंस कधी?"

"मी वाईन ठेवत होतो कुंपणावर."

"मी केपर ठेवत होते."

"ते खारट असायचे फार."

"सिमोस!"

"खाल्ले. सगळे खाल्ले." त्याने डोळ्यांवरून हाताची पाठ फिरवली. गालावर कणकेचं पीठ लागलं. "मुलगा रागावेल. त्याने खोली रंगवलीय माझ्यासाठी."

"चार-पाच महिने राहा त्या खोलीत. रंग वाया नाही जायचा."

"ईस्टरला येतो."

"ईस्टर एप्रिलमध्ये आहे. सगळी थंडी गेली म्हणजे. थंडीतच तर..." ती थांबली. "जानेवारी."

"जानेवारीत नातवाचा वाढदिवस असतो. मार्च."

"मार्चमध्ये मळ्याची छाटणी होऊन जायला हवी. कोण करणार छाटणी? पांदेलीस?"

हे सिमोसला लागलं. "पांदेलीसला माझ्या वेलीला हात लावू देऊ नकोस."

"मग फेब्रुवारी."

"फेब्रुवारीचा शेवट."

"सुरुवात."

"मधला आठवडा," एव्दोक्सिया म्हणाली. दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती लाल झाली. "सॉरी. गिऱ्हाइकांची सवय."

सिमोस बोटांवर काहीतरी मोजत बसला. बोटांची, आठवड्यांची, विमानांची कसली तरी बेरीज. मोस्खा त्याच्याकडे बघत नव्हती. ती टेबलावरचे तुकडे एका जागी गोळा करत होती आणि पुन्हा पसरत होती.

"पहिला आठवडा," सिमोस शेवटी म्हणाला. "मुलाला आज फोन करतो. परतीचं तिकीट मी माझं काढीन."

"आज म्हणजे आत्ता का?"

"तिकडे आता रात्र आहे. झोपले असतील सगळे. रात्री उशिरा करतो, तेव्हा तिकडे सकाळ होते."

"रात्री इथूनच कर. तुझ्या फोनला रेंज नसते."

"तुझ्याही नसते."

"माझ्या गच्चीवर येते. मी खुर्ची नेऊन ठेवते वर."

"बरं," सिमोस म्हणाला.

मास्तरांनी अखेर वाईनचा घोट घेतला आणि गिळला. वहीकडे त्यांचा हात गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. मोस्खाने हंडीच्या तळाचे उरलेले हरभरे डावाने खरवडून सिमोसच्या ताटलीत घातले.

"खा," ती म्हणाली. "निवताहेत."